दोरीला कसलं टेन्शन, मॅडम?

मॅडम,

शोकसभा झाली. सगळे छान बोलले. कोणी तुमच्या पदव्या सांगितल्या, कोणी तुम्ही किती वर्षं शिकवलंत ते सांगितलं. प्राचार्यांनी तर तुमच्या काळातले निकालसुद्धा वाचून दाखवले. माझं नाव शेवटी पुकारलं. मी माइक हातात घेतला, "मॅडम" म्हटलं आणि पुढे काही सुचेना. कारण तो शब्द समोर बसलेल्या लोकांसाठी नव्हताच. स्टाफरूमच्या दारात उभं राहून मारतात तशी ती हाक होती, आणि हाक मारल्यावर माणूस थांबतो तशी मी थांबले. लोकांना वाटलं रडू आलं. तसं नव्हतं. मी तुमच्या "हं, बोल" ची वाट बघत होते.

म्हणून जे तिथे बोलता आलं नाही ते इथे बोलते.

दुसऱ्या दिवशी अकरावीवर तास होता. नवी मुलं, अजून एकमेकांची नावंसुद्धा नीट माहीत नव्हती. वर्गाबाहेर तुमचा फोटो आणि हार तसाच होता. एका मुलाने विचारलं, "मॅडम, त्या बाहेरच्या फोटोतल्या मॅडम फिजिक्सच्या होत्या ना? फिजिक्समध्ये मार्क पाडायला काय करायचं, ते त्या काय सांगायच्या?"

काय सांगायच्या? मॅडम, मी सबंध तास तेच सांगत राहिले आणि तरी ते अपुरं राहिलं. कारण तुम्ही सांगितलेलं जे काही आहे ते मला उपदेश म्हणून आठवतच नाही. ते आठवतं ते बाबांच्या चपलांसकट, स्टाफरूममधल्या ओल्या छत्र्यांच्या वासासकट.

बाबा कॉलेजातून माझं नाव काढायला आले होते त्या दिवशीचं म्हणतेय मी. तिकोणा गडाखालच्या तिकोणा पेठेच्या वर आमची वाडी. तिथून लोणावळ्याला येऊन सायन्स घेणारी मी पहिलीच. लोणावळ्यातल्याच तुंगार्लीत मावशीचे यजमान एका बंगल्याची राखण करायचे, त्या बंगल्याच्या मागच्या खोलीत मी राहायचे. दहावीपर्यंत सगळं मराठीत शिकलेले. अकरावीला सगळं इंग्रजीत आलं आणि पहिल्याच युनिट टेस्टला फिजिक्सचा पेपर मी जवळजवळ कोराच दिला. मावशीने वाडीवर निरोप धाडला की पोर जेवत नाही. बाबा भातलावणी अर्धी टाकून आले. पायजम्याला चिखल तसाच.

चपला स्टाफरूमबाहेर काढून ते आत आले आणि खुर्चीवर न बसता म्हणाले, "बाई, पोरीला झेपत न्हाई. लय वाळलीय. तिला आर्टला घाला, न्हाईतर दाखला द्या. आमी घिऊन जातो."

तुम्ही त्यांना आधी बसायला लावलंत. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "पेपरात नेमकं काय अडलं?"

"टेन्शन," मी म्हटलं.

"टेन्शन सगळ्यांनाच येतं गं परीक्षेचं."

"तसं न्हाई, मॅडम. प्रश्नातच होतं. दोरीतलं टेन्शन काढा म्हणून. दोरीला कसलं टेन्शन?"

तुम्ही हसलात. मग एकदम हसायच्या थांबलात. "ताण," तुम्ही हळूच म्हणालात. "दोरीतला ताण."

"ताण लिहिलं असतं तर मी काढला असता," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. शाळेत ताण शिकले होते. बल, घर्षण, कार्य, सगळं शिकले होते. पण ते सगळे शब्द इंग्रजी कपडे घालून आले आणि मी एकालाही ओळखलं नाही.

बाबा ऐकत होते. ते तुम्हाला म्हणाले, "बाई, मंग हे आदीच का न्हाई सांगितलं तिला?"

स्टाफरूममधले बाकीचे सर माना वर करून बघायला लागले. बाबांचा आवाज चढलेला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि तुम्ही म्हणालात, "चुकलं माझं. मी विचारायला हवं होतं, वर्गात मराठी शाळेतून कोण आलंय म्हणून." मग म्हणालात, "दिवाळीपर्यंत राहू द्या तिला. दिवाळीनंतरही तिला नको वाटलं तर मी स्वतः तिला आर्ट्सच्या वर्गात नेऊन बसवीन."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "ऱ्हाती का?"

मी मान हलवली. मला सायन्स आवडत होतं म्हणून नव्हे, मॅडम. एका मोठ्या बाईने माझ्या बाबांना "चुकलं माझं" म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं होतं. त्या बाईपाशी राहावंसं वाटलं, एवढंच.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी तुमच्या तुंगार्लीच्या घरी. मावशीकडून तुमच्याकडे यायला तळ्याकाठचा रस्ता. तुम्ही भाजी निवडत बसलेल्या असायच्यात आणि तुमचे यजमान, आमचे काका, पेपर वाचत. पहिले कितीतरी दिवस तुम्ही मला एकही गणित सोडवू दिलं नाही. नुसतं वाचायचं. मग चित्र काढायचं. "आधी चित्र काढ. चित्र निघत नसेल तर प्रश्न कळलेला नाही, आणि कळलेला नसेल तर फॉर्म्युला आठवून उपयोग काय?" मी ठोकळा काढायचे, दोरी काढायचे, कप्पी काढायचे. "आता ह्या ठोकळ्याला कोण कोण ओढतंय? एकेकाचा बाण काढ." मी बाण काढायचे. एखादा विसरले की तुम्ही मेथीची काडी त्या जागी ठेवायच्यात, तोंडाने काही न सांगता.

मग तुमचं ते दुसरं. नियम इंग्रजीत पाठ म्हणून दाखवला की तुम्ही म्हणायच्यात, "छान. आता घरी आईला सांगतेस तसं सांग." मला लाज वाटायची. काका पेपर वाचतायत, आणि मी वाडीचं बोलायचं? एकदा डोळे मिटून बोलून टाकलं, "कुनी ढकललं न्हाई तर वस्तू हाय तशीच ऱ्हाती. थांबल्याली थांबून, न् चालल्याली चालत."

काकांनी पेपर खाली केला. तुम्ही म्हणालात, "झालं. आता हा नियम तुझा. इंग्रजी उद्या लिहिलंस तरी चालेल."

हे मी त्या तासाला मुलांना सांगितलं. आपल्या घरच्या बोलीत सांगता आलं नाही, तर आलं म्हणायचं नाही. मुलं हसली. मग एक मुलगी उठून कुजबुजल्यासारखं काहीतरी बोलली आणि ते बरोबर होतं.

मला तुमचा ओरडा पण आठवतो. एकदा माझ्या उत्तरात पळणाऱ्या माणसाचा वेग सेकंदाला चारशे मीटर आला. मी खाली दोन रेघा मारून मोकळी. तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. "हा माणूस तिकोण्याच्या पायथ्यापासून निघाला आणि तू तिथूनच त्याच्यामागून आईला हाक मारलीस, तर हाकेच्या आधी हा तुमच्या दारात. घरी असा कोणी येतो का तुमच्या?" तेव्हापासून आकडेमोड करायच्या आधी उत्तर साधारण केवढं येईल ते पानाच्या कडेला लिहायची सवय लागली. अजून आहे. दूध किती लागेल, एसटी कधी येईल, सगळ्याचा अंदाज मी आधी मनात लिहून ठेवते. चुकला तरी चालतो. मात्र आपण कुठे चुकलो ते मग शोधायचं, आणि ते गणित दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर पुन्हा करायचं, आधीचं न बघता. तुम्ही म्हणायच्यात, बरोबर आलेलं गणित परत करून काय मिळतं? चुकलेल्याकडे जा.

आणि आपलं ते भांडण. भाऱ्याचं.

तुम्ही वर्गात शिकवत होतात. डोक्यावर ओझं घेऊन सपाट रस्त्याने चालणारा माणूस ओझ्यावर जे कार्य करतो ते शून्य. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी उभी राहिले. "मॅडम, आमच्याकडं बाया गवताचा भारा डोईवर घिऊन येतात. काम शून्य, तर मंग घाम कशाचा?" वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, पण उत्तर पुस्तकातलंच दिलंत. बल वर, चालणं आडवं, म्हणून शून्य. मी खाली बसले. मात्र राग माझ्या तोंडावर होता.

रविवारी वाडीवर गेले तेव्हा आईला सांगितलं की तू भारा आणतेस ते काम शून्य आहे. आई चुलीपुढून उठली पण नाही. म्हणाली, "व्हय? मंग उद्या तूच आन. काम न्हाईच तर."

सोमवारी हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही एवढ्या हसलात की डोळे पुसावे लागले. मग जाडजूड डिक्शनरी माझ्या हातावर ठेवलीत. "हात सरळ पुढे धर. हलवायचा नाही." मी धरला. थोड्याच वेळात हात थरथरायला लागला.

"पुस्तक हललं का?"

"न्हाई."

"मग पुस्तकावर काम किती?"

"शून्य," मी दात आवळून म्हटलं.

"आणि हात?"

"मोडायची पाळी आलीय, मॅडम!"

"ठेव खाली. हाताच्या आत स्नायू सारखे आखडतात, सैल होतात. ताकद तिथे जळते. ती पुस्तकाला मिळत नाही, एवढंच फिजिक्स म्हणतं. आईला घाम येत नाही असं ते म्हणतच नाही."

"मंग तसं लिहावं की त्यांनी पुस्तकात."

तुम्ही म्हणालात, "हो. लिहायला पाहिजे." पुढे दरवर्षी तुम्ही तो धडा शिकवताना आधी एका मुलाला पुस्तक धरून उभं करायच्यात, हे मला नंतरच्या मुलांकडून कळलं. माझ्या आईचं वाक्यही तुम्ही सांगायच्यात म्हणे, आईच्याच सुरात. ते मात्र तुम्हाला कधी जमलं नसणार.

दिवाळी आली आणि गेली. बाबा पुन्हा विचारायला आले नाहीत, मीही आर्ट्सचं नाव काढलं नाही. तुम्ही आम्हाला स्टेशनच्या पुलावर नेलंत ते त्यानंतरचं. घाट चढून आलेल्या गाडीची मागची इंजिनं सोडवत होते. तुम्ही विचारलंत, "पुढे आणखी दोन इंजिनं लावायची सोडून मागून ढकलत का आणतात?" कोणी काही, कोणी काही सांगितलं. मला डब्यांमधल्या कड्या दिसत होत्या. सगळी गाडी पुढूनच ओढली तर पहिल्या कडीवर सगळ्या डब्यांचा ताण. मागून रेटलं तर तिच्यावरचा भार हलका. मी तसं म्हटलं. ह्या वेळी "टेन्शन" म्हटलं, न अडखळता. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात आणि खाली गाडी बघत राहिलात. त्या हाताचं वजन मला आत्ता, हे लिहितानासुद्धा कळतंय.

पुढचं सगळं तुम्हाला माहीतच आहे. बी.एससी., एम.एससी., बी.एड., आणि फिरून मी इथेच, तुम्ही निवृत्त झालात त्याच जागेवर. आता आपण बरोबरीच्या झालो असं तुम्ही म्हणायच्यात. बरोबरीची भांडणं मात्र तेव्हापासून सुरू झाली.

मी मुलांना परीक्षेच्या आधी निवडक प्रश्न काढून देते हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही चहा तसाच ठेवून दिलात. "निवडक दिलंस की मुलं तेवढंच बघतात, मनीषा. बाकीचं पुस्तक मेलं त्यांच्यासाठी."

मी म्हटलं, "मॅडम, पवना धरणाकडची मुलं एसटीने घरी पोचतात तेव्हा अंधार झालेला असतो. पुढे घरचं काम. त्यांना आधी पास व्हायचंय. नर्सिंगला, डिप्लोमाला जायचंय. चित्र काढत, मेथी निवडत शिकायला त्यांना वेळ कुठाय?"

"तुला होता?"

"मला तुम्ही होतात. तुमच्याकडे मी एकटी यायचे. माझ्या वर्गात साठ आहेत."

तुम्ही गार झालेला चहा उचलून प्यायलात. पुढच्या वेळी मात्र तुम्ही आपण होऊन विषय काढलात. मग दर वेळी. काका म्हणायचे, "आली मनीषा, आता भांडा." मला ते भांडण हवंसं वाटायचं. मी माझं सोडत नव्हते, तुम्ही तुमचं. मी घरी परत जाताना मात्र दर वेळी एखादा प्रश्न त्या निवडक प्रश्नांतून काढून टाकायचे आणि त्या जागी चित्र काढायला लावणारं काहीतरी घालायचे. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर तुम्ही जिंकल्यासारख्या हसला असतात, म्हणून सांगितलं नाही.

मग तुमचं दुखणं आलं. श्वास पुरेना. कॉटजवळ ऑक्सिजनचं मशीन घरघरत असायचं आणि तुम्ही दोन-तीन शब्दांत बोलायच्यात. ज्या बाईचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, तिचं बोलणं ऐकायला मला उशीजवळ वाकावं लागायचं. तरी तुम्ही विचारायच्यातच. "कुठला धडा चालू?" मी सांगायचे. "कळतंय का पोरांना?" मी म्हणायचे, अर्ध्यांना. तुम्ही भुवया वर करायच्यात. उरलेल्या अर्ध्यांचं काय, असा त्याचा अर्थ.

त्या शेवटच्या संध्याकाळी तुम्ही म्हणालात, "साठ पोरांचं... तुझं बरोबर असेल. पण..."

आणि खोकला आला. काका औषधाची वाफ द्यायला आले, तुमच्या तोंडावर मास्क लागला. तुम्ही हाताने खूण केलीत, उद्या. मी म्हटलं, "हो मॅडम, उद्या भांडू." तुमचे डोळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला.

त्या "पण"च्या पुढे काय होतं, मॅडम? मी कितीतरी वाक्यं करून बघितली. तुमच्या आवाजात म्हणूनही बघितली. कधी वाटतं तुम्ही रागावणार होतात. कधी वाटतं साठांसाठी काहीतरी उपाय सांगणार होतात. काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "मला काय कळतंय तुमचं ते." आणि त्यांनी तोंड फिरवलं.

तळ्याकाठून जायचं मी सध्या टाळते. बाजारातून लांबच्या रस्त्याने घरी जाते. तळ्याकडून गेलं की पाय तुमच्याकडे वळतात, आणि वळले की मग तुमच्या फाटकाला कडी दिसते.

एक झालं ते मात्र सांगते, कारण ते दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही. परवा अकरावीच्या वर्गात अश्विनी नावाच्या मुलीने मला अडवलं. ही पोरगी दर तासाला वाद घालते. तिचे वडील घाटातून टेम्पो चालवतात. मी प्रकाश विखुरतो कसा ते सांगत होते. ती म्हणाली, "मॅडम, पप्पा म्हणतात धुक्यात पिवळा दिवा लांबपर्यंत जातो. खरंय का? आणि का?"

मी हो म्हणणार होते. सगळेच तसं म्हणतात. तोंड उघडलं आणि थांबले. आकाश निळं का दिसतं त्याचं कारण इथे चालणार नव्हतं. धुक्यातले थेंब त्या मानाने फार मोठे. ते सगळ्याच रंगांना सारखंच भिरकावतात, म्हणून तर धुकं पांढरं. मग पिवळ्याने काय होतं? मला खात्रीने माहीत नव्हतं, आणि तसं मी वर्गाला सांगितलं.

संध्याकाळी प्रॅक्टिकल सुटलं तेव्हा धुकं इतकं उतरलं होतं की कॉलेजचं फाटक दिसेना. एसटीला अवकाश होता. मी लॅबमधल्या दोन बॅटऱ्या घेतल्या, एकीला पिवळा जिलेटिन कागद बांधला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. एकजण छातीशी पांढरी धरून उभा राहिला, दुसरा पिवळी. वर्गाची दोन टोळकी झाली. निम्मे ओरडले पिवळी, निम्मे पांढरी. दोन्हींचा उजेड भिंतीसारखा समोर उभा राहत होता आणि उलटून आमच्याच डोळ्यांत येत होता. निकाल काही लागेना.

अश्विनी म्हणाली, "आमच्या टेम्पोचा तो दिवा खाली असतो, मॅडम. बंपरच्या पण खाली." तिने मुलाच्या हातातून पांढरी बॅटरी घेतली आणि वाकून जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी धरली.

समोरची भिंत गेली. ओला रस्ता दिसला, खडी दिसली, लांबवर फाटकाचा खालचा गज दिसला. मग पिवळी पण खाली धरून बघितली. तसंच. "रंगाचं न्हाईच काई, मॅडम!" कोणीतरी किंचाळलं, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. उजेड वरून गेला तर उलटा का येतो, खालून गेला तर का येत नाही, डोळा कुठे, दिवा कुठे. एकाने खाली बसून बोटाने ओल्या मातीत रेघा ओढायला सुरुवात केली. दुसरा म्हणाला, तसं नाही, आण इकडे, आणि त्याने ते चित्र पुसून नवं काढलं. मी काहीही सांगत नव्हते. सगळ्यांचे केस धुक्याने पांढरे झाले होते.

साठ होते, मॅडम. मी मोजले नाहीत, पण एकही आत गेला नव्हता.

मला तुम्ही तिथे हव्या होतात. बोलायला नको, काही सांगायला नको. शाल घेऊन नुसत्या माझ्या शेजारी उभ्या राहिल्या असतात तरी चाललं असतं.